अंड्यांचा डबा: आमच्या मंडळीच्या कमिटीला खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीतल्या सगळ्या भावांनो-बहिणींनो,

सलाम.

हे पत्र मी आधी पाकिटात घालून फक्त तुमच्या हातात देणार होते, पण मग वाटलं चर्चमधल्या पैशाची ही गोष्ट एकट्या आपल्या मंडळीची नाहीच, नगर-राहुरी-श्रीरामपूरकडची असो नाहीतर पुण्या-मुंबईची, कुठल्याही मराठी मंडळीतला माणूस हे वाचून म्हणेल की आमच्याकडे पण असंच चालतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. मंडळीचं नाव लिहिलेलं नाही, कोणाचंच नाव घेतलेलं नाही. आणि कोणी पैसे खाल्ले असं मला अजिबात म्हणायचं नाही, खजिनदारांची वही मी 6 वर्षं स्वतः बघितलीय, पै न पै लिहिलेली असते. माझं म्हणणं वेगळं आहे. किती आले, कोणाकडून आले हे आपण व्यवस्थित मोजतो. पण आपण देतो कशासाठी, मागतो कशासाठी आणि आलेल्यातून आधी काय करतो, यावर आपण एकदाही बसून बोललेलो नाही.

मागच्या सुगीच्या सणाचं सांगते. उपासना संपल्यावर कंपाउंडात चिंचेखाली टेबलं लावली होती, ज्वारीची कणसं, भोपळे, गुळाच्या ढेपा, लिंबं, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, तरुण संघाच्या पोरींनी केलेले केक. मळ्यातल्या आजींनी 7 अंडी आणली होती. स्टीलच्या डब्यात खाली भुसा घालून त्यात एकेक अंडं उभं रोवलेलं, वरून परत भुसा, म्हणजे एसटीत फुटायला नको. मीच तो डबा त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी मला दोनदा सांगितलं की बाई डबा तेवढा परत दे. मग लिलाव सुरू झाला. अंड्यांची बोली 50 वरून 200 वर गेली आणि मग आपल्या दोन मोठ्या घरांमध्ये चढाओढ लागली, 500, 1100, 2100, माइकवर नाव घेऊन घेऊन बोली चढवली जात होती, शेवटी 5100 ला सुटली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, ज्यांनी घेतली त्यांना शाल दिली. डबा त्यांच्या गाडीत गेला.

आजी तिथेच टेबलाच्या कोपऱ्याशी उभ्या होत्या. मंडप उतरवायला लागले तरी उभ्या. मी विचारलं तर म्हणाल्या डब्यासाठी थांबलेय. माइकवर एकदाही कोणी म्हटलं नव्हतं की ही अंडी कोणी आणली.

दीड महिन्याने त्याच आजींच्या मुलीने नातवाच्या नर्सिंगच्या फीसाठी अर्ज केला, 4000 रुपये कमी पडत होते, आणि कमिटीचं उत्तर आलं की गरीब निधीत शिल्लक नाही, पुढच्या वर्षी बघू. अंड्यांचे 5100 पोर्च फंडाला जमा झाले होते. हे मी वहीत वाचलं, एकाच पानावर, आणि त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. कोणी चूक केली म्हणून नाही, नियमाप्रमाणेच झालं सगळं, ठराव झालेला होता की सणाचं उत्पन्न पोर्चला जाईल. त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी पण होते.

आपला पोर्च साडेअकरा लाखांचा आहे. जुना पत्र्याचा शेड गळतो हे खरं आहे, पावसाळ्यात चपला भिजतात, लग्नाच्या वेळी गाडी दारापर्यंत येत नाही. पण गरीब निधीला वर्षाला 6000 आणि पोर्चला साडेअकरा लाख हे कोणी कधी समोरासमोर ठेवून बघितलं का? मी कुठल्याही घरात गेले आणि मला म्हटलं की आमचं आजीवर फार प्रेम आहे, आणि आजीच्या औषधाला 500 आणि दाराच्या कमानीला 50 हजार असं दिसलं, तर मी त्या घराबद्दल काय समजू?

विधवेच्या दोन टोल्यांवर, म्हणजे मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन बारक्या नाण्यांवर, आपल्याकडे दरवर्षी एक तरी संदेश होतो, आणि तो हमखास स्टुअर्डशिप संडेला होतो, म्हणजे जेव्हा वर्गणी वाढवायची असते तेव्हा. बघा त्या गरीब बाईने सगळं दिलं, तुम्ही काय देता. मी यावेळी मार्कचा 12 वा अध्याय बसून सलग वाचला, फक्त तेवढी चार वचनं नाही, मागची-पुढची सगळी. टोल्यांच्या अगदी आधी येशू शास्त्र्यांबद्दल बोलतोय, लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानात पुढच्या जागा धरणारे, आणि विधवांची घरं गिळणारे. लगेच पुढे ती विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका त्याच मंदिराच्या पेटीत टाकते. आणि नंतर अध्याय बदलतो म्हणून आपण थांबतो, पण 13 व्याची सुरुवातच अशी आहे की एक शिष्य मंदिराकडे बोट दाखवून म्हणतो गुरुजी, काय हे दगड, काय ही इमारत, आणि तो म्हणतो इथे दगडावर दगड राहणार नाही. म्हणजे त्या बाईचे पैसे ज्या इमारतीला गेले तिच्याबद्दल तो हे बोललाय. त्याने त्या बाईकडे बघितलं, तिची टोली मोजली, तिचं मन ओळखलं, आणि इमारतीकडे बघून त्याला काहीच कौतुक वाटलं नाही. आपण मात्र त्या बाईचं उदाहरण देऊन इमारतीसाठी पैसे गोळा करतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि पाळकसाहेब, तुमच्याबद्दल मनापासून आदर आहे म्हणूनच विचारते, हे तुम्हालाही कधीतरी वाचताना टोचलं असेल ना?

दशमांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग देण्याचं, पण तसंच. मलाखी 3:10 आपल्या सगळ्यांना पाठ आहे, सर्व दशमांश भांडारात आणा, मग मी आकाशकपाटं उघडून आशीर्वादांचा वर्षाव करतो की नाही ते पाहा. हे वचन आपल्या अर्पणाच्या पाकिटावर पण छापलंय. पण फक्त पाच वचनं मागे जा, 3:5, तिथे तोच देव म्हणतो की मजुराची मजुरी अडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा-अनाथांना गांजणाऱ्यांविरुद्ध मी साक्षी म्हणून पुढे येईन. ते कुठल्याच पाकिटावर नाही. आपल्या चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशींना महिना 1500 रुपये मिळतात, गेली कित्येक वर्षं तेच 1500, शनिवारी पूर्ण चर्च पुसून घ्यायचं, बाकं हलवायची, लग्न-मयत असलं की वेगळं यायचं, आणि त्यांना वाढ देण्याचा विषय निघाला की आपण म्हणतो ती पण प्रभूची सेवाच आहे ना. हो आहे. मग पोर्चच्या गवंड्याला पण सांगून बघा की ही प्रभूची सेवा आहे, जरा कमी घे.

आणि बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात तर सरळ लिहिलंय की दर तिसऱ्या वर्षी दशमांश गावातच साठवायचा आणि तो लेवी, परका, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचा. लेवी म्हणजे देवाची सेवा करणारे, म्हणजे पाळकाचा वाटा त्यात आहेच, तो कोणी नाकारत नाही, पण त्यांच्या मांडीला मांडी लावून विधवा बसलीय. आपल्या बजेटमध्ये ती पंगतीत कुठे बसते ते एकदा दाखवा मला.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण फक्त तुमच्याकडे बोट दाखवून मला हे पत्र लिहिता येणार नाही. 6 वर्षं मी रविवारी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या छोट्या खोलीत, अर्पण मोजायला बसले. टेबलावर चादर अंथरायची, थैल्या उलट्या करायच्या, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, पाकिटं वेगळी. पाकिटांवर नावं असतात. एका वर्षात मला कळलं की कोणाच्या पाकिटात 2000 असतात आणि कोणाच्या पाकिटात चार घड्या घातलेली 10 ची नोट. आणि माझ्या नकळत माझं वागणं बदललं. 2000 वाल्यांच्या घरी बारसं असलं की मी सुट्टी काढून जायचे, 10 वाल्यांच्या घरी मयत झालं तर दुसऱ्या दिवशी भेटून यायचे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि दरिद्र्याला पायाशी बसवणारे लोक आहेत ना, ते वाचताना मला नेहमी दुसरे कोणीतरी डोळ्यांसमोर यायचे. मला कोणी सांगितलं नव्हतं तसं वागायला, पैसे माझे नव्हते, मला त्यातून एक रुपया मिळणार नव्हता, तरी पैशाने माझी मान आपोआप त्या बाजूला वळवली. म्हणून मी मोजायचं काम सोडलं, खजिनदारांना मी गुडघेदुखीचं कारण दिलं होतं, ते खरं कारण नव्हतं, माफ करा.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे लिहायला. माझे वडील गेले तेव्हा मी एक बाक दिला. त्यावर पितळेची पट्टी लावली, त्यांचं नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली माझं नाव. सुताराने बाक तिसऱ्या रांगेत ठेवला तर मी सेक्रेटरींशी भांडले की पुढून पहिल्या रांगेत पाहिजे, पट्टी लोकांना दिसली पाहिजे. माझे वडील शिक्षक होते, आयुष्यभर कोणाला कळू न देता पोरांच्या फिया भरायचे, त्यांच्या अंत्यविधीला आलेल्या अनोळखी लोकांकडून आम्हाला ते कळलं. आणि मी त्यांच्या नावाने भांडत होते पहिल्या रांगेसाठी. तू दानधर्म करतोस तेव्हा तुझा उजवा हात काय करतो हे तुझ्या डाव्या हाताला कळू नये, हे त्यांनी मला संडे स्कूलमध्ये शिकवलेलं वचन आहे. आज आपल्या चर्चमध्ये मान वर केली की पंख्याच्या पात्यांवर नावं, खाली बघितलं की बाकांवर नावं, भिंतीच्या घड्याळावर नाव, कम्युनियनच्या ट्रेवर सुद्धा नाव कोरलेलं आहे. प्रभूचं भोजन घेताना मी कोणाचं तरी नाव वाचते.

लॉकडाऊनपासून दारावर क्यूआर कोड आला, ती सोय चांगली आहे, बाहेरगावच्या लोकांना बरं पडतं. पण पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर का टाकायचा? मोठी रक्कम आली की 40 जणांचे हात जोडलेले, आमेन, देव आशीर्वादित करो, आणि आपल्या एका रिक्षावाल्या भावाने 51 रुपये टाकले त्यावर काहीच नाही, एकही अंगठा नाही. त्याने नंतर टाकणं बंद केलं. त्याने देवाला देणं बंद केलंय असं मला वाटत नाही, ग्रुपला देणं बंद केलं.

आणि एक गोष्ट, जी आपल्या कमिटीच्या हातात पूर्ण नाही पण आपण त्यावर गप्प बसतो म्हणून लिहिते. बीज पेरा वाले संदेश. हा प्रकार मुळात अमेरिकेतून टीव्हीवरून पसरला, तिथले टीव्हीवरचे प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी तो तिकडे लोकप्रिय केला, आता मोबाइलवर मराठीत रोज चालतो, हजार पेरा, शंभरपट घ्या. आमच्या गल्लीतली एक बहीण बचत गटातून 10 हजार कर्ज काढून एका कन्व्हेन्शनच्या पाकिटात टाकून आली, मुलाच्या नोकरीसाठी. नोकरी लागली नाही, हप्ता सुरू झाला. तिला तिथून फोनवर काय सांगितलं माहितीय का, की तुझा विश्वास कमी पडला. म्हणजे पैसे पण तिचे गेले आणि दोष पण तिचाच. ती आता चर्चला येत नाही, तिला वाटतं देवच नाराज आहे. आपण दर ऑक्टोबरला रिफॉर्मेशन संडे पाळतो, पोरांना सांगतो की 1517 साली ल्यूथर उभा राहिला कारण रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी लोकांना पापक्षमेची पत्रं विकली जात होती. मग हे काय आहे? पाळकसाहेब, एका रविवारी पुलपिटवरून एवढंच स्पष्ट सांगा की देवाकडून नोकरी, मूल, घर विकत मिळत नाही आणि कोणी पैसे घेऊन तसं वचन देत असेल तर देऊ नका. ती बहीण नसली तरी तिची सासू बाकावर असते, तिच्या कानावर जाईल.

आपल्या लोकांना पैसा आणि विश्वास हा विषय नवीन नाही. माझे पणजोबा महारवाड्यातले. दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने म्हटलं पोटासाठी बाटला. आमच्या घरात सांगतात की त्याच्या बदल्यात बलुतं बंद झालं, विहिरीवरचं तर आधीपासूनच नव्हतं, आणि जे दळण मिशनच्या शाळेतून मिळायचं त्यातली एक मूठ पणजी रोज वेगळी काढायची, रविवारी मंडळीला द्यायला. मिझोराममध्ये अजूनही बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, बुहफाइ थाम म्हणतात त्याला, शंभर वर्षांहून जास्त चाललंय आणि त्यावर मोठी कामं उभी राहिली. मुठीवर नाव लिहिता येत नाही. पोटासाठी बाटले म्हणणाऱ्यांना आपल्या म्हाताऱ्या माणसांनी उत्तर दिलं नाही, देऊन दाखवलं.

आणि रेव्हरंड टिळक, कवी नारायण वामन टिळक. आपण त्यांची भजनं दर रविवारी म्हणतो. 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरदार, नातं, पत्नीपासून कितीतरी वर्षांची ताटातूट, सगळं सोसलं, मग नगरला मिशनच्या कामात आयुष्य घातलं, आणि 1917 मध्ये वयाच्या पंचावन्नच्या पुढे मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळा, मांडायला गेले. तब्येत चांगली नव्हती, दोनच वर्षांत गेले. पगार घेणं पाप आहे असं मला म्हणायचं नाही, पाळकाला पुरेसा पगार मिळालाच पाहिजे, आपल्या पाळकसाहेबांचा पगार दोनदा उशिरा झाला त्याची मला लाज वाटते. पण त्या माणसाने त्या वयात स्वतःला विचारलं की मी कोणासाठी काम करतोय. आपण साध्या पंख्यासाठी सुद्धा स्वतःला हे विचारत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण हिशोबासाठी देते. 1887 ला बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी असोसिएशन निघाली, दहा वर्षं मदतीचं ठरलं, आणि ती मुदत संपल्यावर 1898 मध्ये बाई समुद्र ओलांडून कामाचा हिशोब द्यायला परत त्या लोकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. इकडे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुली होत्या तेव्हा. पौलाने सुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी केली तेव्हा एकट्याने पैसे नेले नाहीत, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी बोट ठेवू नये म्हणून, 2 करिंथच्या 8 व्या अध्यायात आहे. आपला हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जातो, 1950 च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे जावाच लागतो, पण तोच हिशोब मळ्यातल्या आजींना कधी वाचून दाखवला का? त्यांना वाचता येत नाही, ऐकता येतं.

म्हणून माझी मागणी, आणि ही मी वार्षिक सभेत पण मांडणार आहे, कोणी अनुमोदन दिलं तर. रविवारच्या थैलीतलं जे येईल त्यातला दहावा भाग त्याच दिवशी, बाकी कशालाही हात लावायच्या आधी, गरीब निधीत टाका, आपण लोकांना दशमांश मागतो तर मंडळीने पण तो द्यावा. मावशींचा पगार आधी वाढवा, मग पोर्चचं पुढचं टेंडर काढा, आणि जे साडेअकरा लाखांत करायचं ते साध्या पत्र्यात किती होतं ते पण विचारा, चपला पत्र्याखाली पण कोरड्या राहतात. रकमा माइकवर आणि ग्रुपवर बंद करा. लिलाव ठेवायचा तर ठेवा, त्यात मजा पण असते, पोरं खूश होतात, पण बोली लावणाऱ्याच्या आधी आणणाऱ्याचं नाव घ्या. आणि वर्षातून एकदा हिशोब पुलपिटवरून मोठ्याने वाचा, सगळा, कोणाच्या नावाशिवाय, फक्त आले किती आणि गेले कुठे.

काही जण म्हणतील असं केलं तर मोठे देणारे नाराज होतील, देणं कमी होईल. होईल कदाचित. सभेत हे कोणी बोललं तर मी एवढंच विचारीन की नावाशिवाय जे येणं थांबेल ते आजपर्यंत कोणाला दिलं जात होतं.

त्या नातवाच्या फीचं काय झालं ते पण लिहिते, कारण काही जण विचारतील. ते 4000 जमले. ज्यांनी अंडी घेतली होती त्यांच्याच सुनेने गुपचूप दिले, मला फक्त आजींच्या मुलीकडून कळलं, आणि मी तिचं नाव इथे लिहून तिचं दान खराब करणार नाही. तिच्याकडूनच डबा पण परत मिळाला, घासून पुसून, आत थोडे शेंगदाणे घालून दिला होता, रिकामा डबा परत देऊ नये म्हणून.

आणि बाकाचं. येत्या शनिवारी मावशी चर्च उघडतात तेव्हा मी येणार आहे आणि वडिलांच्या नावाची पट्टी काढून घेणार आहे, बाक तिथेच राहील, मागच्या रांगेत न्यायचा असला तरी चालेल. चार स्क्रू आहेत. भोकं राहतील ती लाकडाच्या भुशाने बुजवून देईन, त्यासाठी कमिटीची परवानगी असावी ही विनंती.

आपली बहीण,
मंडळीची एक सभासद